सातव्या मजल्यावरची शांताक्का

आमच्या सास्तुरात शांताक्काचं घर कुणालाही विचारा, तो आधी तिचं शेड दाखवील. मागं सरकारनं भूकंपानंतर बांधून दिलेलं सिमेंटचं घर आहे, चांगलं भक्कम. पण त्यात राहतात ज्वारीची पोती, सोयाबीनची पोती आणि लग्नातली पितळेची भांडी. माणसं राहतात पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात ते पत्रे तव्यासारखे तापतात आणि पौषात त्यांच्या फटींतून गार वारं थेट पाठीला लागतं. तरी शांताक्का घरात झोपत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "पत्रा पडला तर खरचटतं. स्लॅब पडला तर माणूस सापडत न्हाय." तिच्याशी वाद घालायला गावात कुणाची जीभ उचलत नाही, कारण गावाला माहीत आहे.

तिचं पहिलं लेकरू झोळीत होतं. दगडमातीचं घर, दोन हात रुंद भिंती, वर मातीचं माळवद, आणि माळवदाच्या तुळईला बांधलेली जुन्या लुगड्याची झोळी. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. पहाट व्हायच्या आत जमीन हलली आणि ते घर जागच्या जागी खाली बसलं. शांताक्का आणि तिचा नवरा गुरुलिंग, दोघं ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. झोळी दुसऱ्या दिवशी निघाली. एवढंच लिहितो. तिनंही याहून जास्त कधी सांगितलेलं नाही.

पुढं दोन वर्षांनी शिवलीला झाली, ती याच शेडमध्ये. तिला झोळी बांधली नाही. शेडच्या दाराशी वाकळ अंथरून जमिनीवर, आभाळ दिसेल अशी निजवली. तेव्हापासून शांताक्काचा नेमच झाला. तान्हं लेकरू पक्क्या छताखाली हातातून खाली ठेवायचं नाही, आणि आपणही तिथं डोळा मिटायचा नाही. पत्रा तिच्या लेखी छत नव्हे. माहेरी गेली तरी अंगणात, लग्नाला गेली तरी मांडवात. पाहुण्यांना वाटतं बाई मानी आहे. तशी ती मानी आहेच.

अशा बाईची लेक सासरी गेली ती थेट जपानात, टोकियो शहरात, सातव्या मजल्यावर.

जावई रेवणसिद्ध उमरग्याचा. कॉम्प्युटरच्या नोकरीवर तिकडं गेलेला. शिवलीलाला दिवस गेले आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानात बसायला मनाई केली. पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं. लेक येऊ शकत नसेल तर आईनं जायचं, यात शांताक्काला विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. पासपोर्टाच्या कामासाठी तिनं लोहाऱ्याच्या जीपमधून चार खेपा केल्या. जीपवाला मागच्या आरशातून म्हणाला, "आक्का, भिऊ नका. इमानाला बी पत्राच असतोय."

"मग बसते," शांताक्का म्हणाली, आणि सगळी जीप हसली.

एक गोष्ट मात्र तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होती. त्या देशात जमीन वरचेवर हलते. लेक, जावई आणि गुरुलिंग या तिघांनी फोनवर ठरवलं होतं की हे तिला सांगायचं नाही. गुरुलिंगनं तर पारावरच्या पोरांनाही दम भरला होता.

जावयाच्या ओळखीचं एक कुटुंब हैदराबादहून त्याच विमानानं निघालं होतं, त्यांच्या सोबतीनं ती ऑक्टोबरात पोचली. दारातून आत पाऊल टाकताच तिला भिंतीवर टांगलेली दोन हेल्मेटं दिसली.

"गाडी घेतली व्हय? कळिवलं न्हाईत."

शिवलीलानं नवऱ्याकडं पाहिलं. रेवणसिद्ध म्हणाला, "घ्यायची हाय, मामी."

"आधी टोप्या, मग गाडी? चांगलं हाय."

मग तिला दिसलं की कपाटाच्या डोक्यावर दोन लोखंडी खांब लावून ते छताला दाबून बसवलंय आणि टीव्ही पट्ट्यानं भिंतीला बांधलाय. "ह्याला कशापायी दावं लावलंय? चरायला जातोय का?" शिवलीला हसता हसता डोळे पुसायला लागली. दाराजवळ एक फुगलेली पाठपिशवी होती, तीत पाणी, बिस्किटं, बॅटरी. शांताक्कानं ती उघडून पाहिली आणि लेकीला बाजूला घेतलं. "खरं सांग, तुमचं पटत न्हाय का? पिशवी भरून ठिवलीस ते."

पहिल्याच रात्री तिनं आपली वाकळ उचलली आणि बाल्कनीत टाकली.

"अव्वा, वर बी स्लॅबच हाय की. आठव्या मजल्याची बाल्कनी," शिवलीला आईला म्हणाली.

"अर्धा स्लॅब हाय. अर्धं आभाळ हाय. मला अर्धं पुरं."

तिथून, गजांना उशी टेकवून, शांताक्कानं ते शहर पाहिलं. खाली रस्ते सारवल्यासारखे स्वच्छ, आणि सारवणारं कुणी दिसत नाही. कचऱ्यालासुद्धा वार ठरवून दिलेले. जळणारा कचरा वेगळ्या वारी, बाटल्या वेगळ्या वारी, आणि चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी तशीच शरमेनं बसून राहते. सकाळी माणसांचे लोंढे स्टेशनाकडं जातात, पण गलका नाही. ज्वारीची ताटं रानात उभी असतात ना, शेजारी शेजारी, एकमेकांना न टोचता, तशी ती माणसं सिग्नलला उभी. पिवळ्या टोप्या घातलेली सहा-सात वर्षांची लेकरं मोठ्या रस्त्यानं एकटी शाळेत जातात. शांताक्का रोज ती वळणापार जाईपर्यंत बघत राहायची, जणू राखण तिच्याकडं दिली होती. आणि दिवस कलला की कुठल्याशा खांबावरच्या भोंग्यातून एक हळू, लेकरांच्या गाण्यासारखी चाल सगळ्या वस्तीवर पसरायची. पोरं खेळ थांबवून घराकडं वळायची. "भोंगा लावून पोरं घरी बोलवत्यात," ती गुरुलिंगला फोनवर सांगायची. "आपल्याकडं आया घसा फोडत्यात."

बाल्कनीच्या डाव्या अंगाला एक पांढरी पातळ भिंत होती, पलीकडं शेजारीण. सत्तरी उलटलेली, बुटकी, ताठ बाई. रोज ऊन पडलं की ती गादी गजांवर वाळत घाली आणि चिमटे लावून बडवी. तिनं पहिल्या सकाळी भिंतीच्या कडेनं वाकून पाहिलं, तर वाकळेत गुंडाळलेली शांताक्का. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग त्या बाईनं कमरेत वाकून नमस्कार केला. शांताक्कानं बसल्या बसल्या हात जोडले आणि लिंगायतांच्या रीतीनं नमस्कार केला, "शरणार्थी, अज्जी." तेव्हापासून ती अज्जी. अज्जी तिच्या भाषेत बोलायची, शांताक्का मराठीत, मधूनच कानडीत. दोघींचं बरं चालायचं.

नोव्हेंबर लागता लागता बाळ झालं. मुलगा. गोरापान, केसाळ, आणि आवाज असा की सातव्या मजल्यावरून सास्तुराला ऐकू जावा. शांताक्कानं बाळाला अंघोळ घातली, डिंकाचे लाडू वळले, लेकीची कंबर शेकली. सगळं केलं. फक्त बाळ खाली ठेवलं नाही.

रेवणसिद्धनं एक छोटा लाकडी पाळणा आणला होता, चार पायांचा, जमिनीवर बसणारा. तो तसाच रिकामा राहिला. बाळ दूध पिऊन झालं की शांताक्का त्याला मांडीवर घ्यायची आणि बाल्कनीच्या काचेला पाठ लावून बसायची, दाराची कडी काढून. मांडी दुखली तर दुसऱ्या मांडीवर. रात्री बाळ आईजवळ छताखाली असायचं, ते तिला नाइलाजानं सोसावं लागे. ती काचेच्या बाहेर बसून जागत असे. दहा-बारा दिवसांत तिचे डोळे आत गेले. बाहेर वारंही बोचायला लागलं होतं.

"अव्वा, खाली ठिव त्याला. हात बघ तुझे, थरथरायला लागलेत."

"थरथरू दे."

"तू आजारी पडलीस तर म्या दोन लेकरं सांभाळू का?" शिवलीलाचा आवाज चढला. "यांची रजा संपली. मला दवाखान्यात दाखवायला जायचंय पुढल्या हप्त्यात, तेव्हा बाळ तुझ्याजवळच राहणार. तू घरात बसणार का असंच बाहेर? त्याला गारठा लागला तर?"

शांताक्कानं बाळ दुसऱ्या मांडीवर घेतलं. लेकीचं बरोबर होतं. त्याला बाहेर नेता येत नव्हतं आणि तिला आत राहता येत नव्हतं.

दोन दिवसांनी, भर दुपारी, शिवलीला अंघोळीला गेली असताना, टेबलावरचा फोन ओरडला. वाजला नाही, ओरडला. तसा आवाज शांताक्कानं जन्मात ऐकला नव्हता. त्याच दमात भिंतीपलीकडं अज्जीचा फोनही तसाच ओरडला. आणि मग पायाखालून ते आलं. भांड्यांच्या कपाटात वाट्या किणकिणल्या. दिवा हलला.

बाकीच्यांना समजायला वेळ लागला असता. शांताक्काला लागला नाही.

तिनं बाळ छातीशी धरलं, दार उघडलं आणि जिन्यानं धावत सुटली. पायात काही नाही, पदर जिन्यावर लोळतोय, आणि तोंडानं एकच आरोळी, "बाहेर या! आरं बाहेर या समदे!" प्रत्येक मजल्यावर ती दारांवर थापा मारत गेली. एका दारातून एका माणसानं ब्रश तोंडात ठेवूनच डोकं बाहेर काढलं. ती थांबली नाही. खाली लेकरांच्या खेळायच्या मैदानात, अगदी मधोमध, जिथं कुठलीच भिंत पोचणार नाही अशा जागी जाऊन ती उभी राहिली आणि वर बघत राहिली. आता पडेल. आता बसेल.

पडलं काहीच नाही. मैदानात ती एकटी. टपालवाला सायकल टेकवून उभा होता, तो हलणं थांबल्यावर पुढं निघाला. एक बाई कुत्रं घेऊन गेली. सिग्नल हिरवा झाला, माणसं चालू लागली. इमारत उभी होती, दुपारच्या उन्हात, वाळत घातलेल्या गाद्यांसकट.

आधी अज्जी आली. डोक्यावर हेल्मेट, हातात घोंगडीसारखं पांघरूण आणि शांताक्काच्या मापाला लहान असे सपाट जोडे. तिनं वाकून ते जोडे शांताक्काच्या पायांपुढं ठेवले. मग ओल्या केसांची, टाके धरून चालणारी शिवलीला आली. तिनं बाळ घेतलं, सगळीकडून चाचपलं आणि मग आईवर फुटली.

"जिन्यात पाय घसरला असता तर? हातात लेकरू होतं तुझ्या! इथं पळत न्हाईत अव्वा, कुणी पळत न्हाय!"

"इथं हलतंय," शांताक्का म्हणाली. "तुला ठावं होतं."

शिवलीलानं अज्जीच्या हातातलं पांघरूण घेऊन बाळाला गुंडाळलं.

"त्या टोप्या. ती पिशवी. कपाटाला खांब. गाडी घ्यायची हाय म्हणं! तुज्या आप्पाला बी ठावं होतं?"

"व्हय."

"आन् सांगितलं न्हाईत."

"सांगितलं असतं तर आली असतीस का?"

शांताक्कानं ते लहान जोडे टाचा बाहेर ठेवून घातले. "मला गावाकडं जायचंय," ती म्हणाली. "आन् ह्याला बी घेऊन जाणार."

अज्जीला शब्द कळले नसतील, पण चेहरे कळले. तिनं शांताक्काचं मनगट धरलं आणि तिला लिफ्टनं वर नेलं, आपल्या घरात, तिथून आपल्या बाल्कनीत. शिवलीला बाळाला घेऊन मागोमाग, अर्धंमुर्धं समजून सांगत. अज्जीनं दोन घरांमधल्या त्या पांढऱ्या पातळ भिंतीवर बोटानं टकटक केलं. आवाज पत्र्यासारखा पोकळ आला. मग त्या सत्तरीच्या बाईनं गुडघा वर उचलला आणि हवेत एक सणसणीत लाथ मारली.

"काय म्हणती ही?"

"म्हणतात, ही भिंत मोडायसाठीच बांधलीय," शिवलीला म्हणाली. "दार अडकलं, आग लागली, तर लाथ मारायची आन् शेजाऱ्याच्या घरात जायचं. म्हणून तिच्यापुढं कुणी काही ठेवत न्हाय. सगळ्या मजल्यांवर अशीच हाय."

शांताक्कानं हात लावून पाहिला. तिच्या आयुष्यात भिंती म्हणजे दोन हात रुंदीच्या, दगडाच्या, पिढ्यान् पिढ्या टिकायच्या म्हणून बांधलेल्या. शेजाऱ्याकडं जाता यावं म्हणून मोडणारी भिंत तिनं कधी ऐकली नव्हती. तिनंही टकटक केलं. मग जरा जोरात. अज्जीनं घाईघाईनं हात हलवून नको नको म्हटलं आणि दोघी हसल्या.

"तिला इचार," शांताक्का म्हणाली, "घर हललं तवा तिला भ्या वाटलं न्हाय का?"

शिवलीलानं विचारलं. अज्जी बराच वेळ बोलली.

"वाटतं म्हणतात. लहानपणापासून वाटतं. पण हे घर हललं की त्यांना बरं वाटतं. हलायसाठीच बांधलंय. हललं म्हणजे आपलं काम करतंय."

"आमचं हललंच न्हाय गं," शांताक्का अज्जीला म्हणाली, मराठीतच. "उभं ऱ्हायलं, आन् बसलं."

शिवलीलानं ते सांगितलं, आणि आणखीही काही सांगितलं असावं, कारण अज्जीनं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि मान खाली घातली. मग ती उठली. आपल्या जेवणाच्या टेबलाखाली चारी हातापायांवर शिरली, एका हातानं टेबलाचा पाय धरला, दुसरा हात पोटाशी, जणू लेकरू धरलंय असा. तिथूनच तिनं शांताक्काला हात केला. शांताक्कानं कासोटा आवरला आणि तीही आत शिरली. शिवलीला सांगते, बाळ घेऊन मी उभी, आणि दोन म्हाताऱ्या टेबलाखाली बसून एकमेकींना जागा करून देतायत, असं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

गावाकडं जायची गोष्ट त्या दिवशी पुढं निघाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रात्री ती बाल्कनीतच होती, पण काच उघडी ठेवून उंबऱ्यावर आडवी.

शिवलीलाचा दवाखान्याचा दिवस आला. रेवणसिद्धला सुट्टी मिळाली नाही. जाताना तिनं दहादा बजावलं आणि शांताक्कानं दहादा मान हलवली. तास-दीड तासाचं काम, पण शिवलीलाचा जीव ठिकाणावर नव्हता. परत येऊन दार उघडलं तर घर शांत. बाल्कनीत कोणी नाही. वाकळ नाही. पाळणा रिकामा. जिन्याकडं पळावं की अज्जीचं दार वाजवावं, काही सुचेना.

तेवढ्यात तिला आवाज आला. घोरण्याचा. अस्सल, सावकाश, सास्तुरी घोरणं.

ती वाकली. जेवणाच्या टेबलाखाली वाकळ पसरलेली. वाकळेवर बाळ उताणं, दोन्ही मुठी डोक्याच्या बाजूला टाकून, कुणाच्याही हातात नसलेलं. आणि त्याच्या शेजारी कुशीवर, तोंड उघडं टाकून, शांताक्का. एक हात टेबलाच्या पायावर. पण धरलेला नाही, नुसता ठेवलेला.

शिवलीला तिथंच फरशीवर बसली. चप्पल काढायचीही विसरली. आईला छताखाली झोपलेली तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिली होती.

संध्याकाळी रेवणसिद्ध म्हणाला, "मामी, टेबलाचं भाडं लावावं लागंल आता."

"लावा की. पण जेवाय बसलात तर पाय आत घालू नका, लेकरू निजलंय."

ती टेबलाखालीच झोपू लागली. पण आठवडाभरानं तिचे पाय बाहेर आले, तिथं गुडघे वळत नाहीत म्हणून. मग कंबर. एका रात्री बाळ पाळण्यात रडलं आणि त्याला थोपटता थोपटता तिला पाळण्याशेजारीच डोळा लागला, उघड्या फरशीवर, वर नुसतं पांढरं छत. सकाळी जाग आल्यावर ती त्या छताकडं बघत बराच वेळ पडून राहिली. मग उठली, अंघोळ केली, विभूती लावली आणि लिंगपूजेला बसली.

त्या दिवशी गुरुलिंगचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. तो सोयाबीनच्या भावाचं बोलला, म्हशीचं बोलला. मग नेहमीसारखं विचारलं, "थंडी लई हाय का? बाहेर कसं झोपतीस?"

"बाहेर न्हाय. आत झोपते."

गुरुलिंगनं फोन कानाजवळ नेला.

"आत?"

"व्हय, आत. बहिरे झालात का?"

गुरुलिंगनं टोपी काढून पुन्हा घातली. तीस वर्षं हा माणूस तिच्या शेजारी पत्र्याखाली झोपला. गुडघे आखडले, तरी कधी आत चल म्हणाला नाही. आता तो लेकरासारखा, हळूच म्हणाला, "मग म्या बी आत झोपू का?"

"तुमी अजून शेडमदीच झोपता?"

"तू सांगितलं नव्हतंस."

"झोपा आत," ती म्हणाली. मग आवाज सावरून, "पर पोती हायती तितं. आधी पोती काढा. झाडून घ्या. हललं तर पळू नका, बाजेखाली शिरा आन् पाय धरा."

"माझा?"

"बाजेचा!"

गुरुलिंग हसत हसत घरात गेला. पोती ओढायला दोन्ही हात लागतात म्हणून त्यानं फोन एका पोत्यावर उताणा ठेवला. तो दिसेनासा झाला. फक्त ओढल्याचा आवाज आणि त्याचं खाकरणं. शांताक्काच्या हातातल्या फोनमध्ये आता सास्तूरच्या घराचं छत होतं. पांढरं, सपाट, कुठं भेगसुद्धा नसलेलं. कोपऱ्यात एक मोठं जाळं लोंबत होतं.

बाळ तिच्या मांडीवर नव्हतं, पाळण्यात होतं. ती फोन दोन्ही हातांत धरून त्या छताकडं बघत राहिली.

"अव," ती शेवटी म्हणाली, "कोपऱ्यातलं जाळं काढा ते."